घड्याळाच्या गाळ्यातली कॉफी: सोळा खुर्च्या की एक खिडकी?

पत्र थोडक्यात असं: वाचक ३४ वर्षांच्या आहेत, पुण्यातल्या एका पेठेत राहतात. त्यांचे वडील रस्त्यालगतच्या गाळ्यात अनेक वर्षं घड्याळदुरुस्ती करत. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि गाळा बंद झाला. १० फूट रुंद, १९ फूट खोल, उत्तरेकडे तोंड. त्या आयटीतली नोकरी सोडून एका कॅफेत दोन वर्षं एस्प्रेसो यंत्रावर उभ्या राहिल्या, काम शिकल्या, आणि आता याच गाळ्यात स्वतःचा छोटा एस्प्रेसो बार काढणार आहेत. एकूण पैसे १८ लाख, त्यातले निम्मे भावाचे. इंटिरिअर डिझायनरने आराखडा दिला आहे: १६ खुर्च्या, यंत्र मागच्या भिंतीला, एका भिंतीवर विटांचा वॉलपेपर, निऑनची ओळ, प्लास्टिकच्या वेली. खर्च ११ लाख. भाऊ म्हणतो, बसायला जागा नसेल तर दीडशे रुपये देऊन कोण येईल? आईचं म्हणणं, बाबांचा सागवानी काउंटर हलवायचा नाही. वाचकांना यातलं काहीच पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. त्या विचारतात: "एवढीशी जागा मोठी दिसावी यासाठी काय करू? आणि मी उगाच हट्ट करतेय का?"

---

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थांबले. तुम्ही सहज लिहून गेलात की बाबा शटर उघडलं की थेट खिडकीपाशी बसायचे, कारण तिथला उजेड दिवसभर सारखा असायचा, आणि रस्त्यावरून जाणारे अजूनही सवयीने त्या काचेतून आत बघतात, वेळ जुळवायला. तुमच्या आराखड्याचं अर्धं उत्तर त्या वाक्यात आहे. तिथे मी येतेच.

आधी तुमचा प्रश्न. "जागा मोठी दिसावी यासाठी काय करू?" मी बावीस वर्षं छोटी दुकानं आखते आहे आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाने विचारला आहे. तुम्ही तो सोडून द्यावा असं मला वाटतं. १९० चौरस फूट म्हणजे लहान जागा, आणि आत पाऊल टाकलेल्या माणसाला ते लगेच कळतं. आरसे लावा, पांढरा रंग द्या, त्याची कोपरं शेजारच्याला लागायची ती लागतातच. विचारायचं ते असं: इथे एक माणूस आत येऊन कॉफी घेऊन समाधानाने बाहेर पडेपर्यंत काय काय होतं, आणि ते सगळं या जागेत बिनधक्क्याचं कसं होईल?

आता सोळा खुर्च्यांचा हिशेब करू. टेबल, खुर्ची आणि खुर्ची मागे सरकवायची जागा धरली तर बसलेल्या एका माणसाला निदान १० चौरस फूट लागतात. सोळा जणांना १६०. उरले ३०. तेवढ्यात यंत्र, ग्राइंडर, फ्रिज, सिंक, दुधाचे क्रेट, कपांची खोकी, तुम्ही स्वतः आणि येण्याजाण्याची वाट. कागदावर हे बसतं, कारण कागदावरची माणसं श्वास घेत नाहीत आणि पाठीला सॅक लावून येत नाहीत. भाऊसाहेबांना हा आकडा शांतपणे दाखवा. त्यांची काळजी खोटी नाही, तिच्याकडे मी पुढे वळते. पण सोळा हा आकडा त्या जागेतून आलेला नाही.

एस्प्रेसो हा प्रकार मुळात उभ्या माणसाचा. लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये मिलानमध्ये ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्याचा उद्देशच कॉफी झटपट आणि एकेका गिऱ्हाइकासाठी वेगळी करून देणं हा होता. आजही इटलीत लोक काउंटरला टेकून दोन घोटांत कप रिकामा करतात आणि चालू लागतात. बऱ्याच ठिकाणी तीच कॉफी टेबलावर बसून घेतली तर जास्त पैसे पडतात, कारण मग जागेचं भाडं मोजावं लागतं. कॉफी उतरायला २५ ते ३० सेकंद, प्यायला दोन-तीन मिनिटं. अशा पेयासाठी सोळा खुर्च्या मांडल्या की त्या कॉफी पिणाऱ्यांसाठी राहत नाहीत, लॅपटॉप उघडून दोन तास बसणाऱ्यांसाठी होतात. तो धंदाही चांगला आहे, पण त्याला तुमच्या पाचपट जागा लागते.

मिलानपर्यंत जायचीही गरज नाही. तुम्ही पेठेत राहता. तुमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर एखादं जुनं अमृततुल्य असेलच. उद्या सकाळी तिथे चहा प्यायला जा आणि अर्धा तास फक्त बघत उभ्या राहा. मालक कुठे बसलाय? दुकानाच्या अगदी तोंडाशी, उंच ओट्यावर. पितळी भांडं कुठे आहे? त्याच्या मांडीसमोर, रस्त्यावरच्या माणसाला दिसेल असं. आलं कुटताना, दूध ओतताना, फडक्यातून चहा गाळताना त्याला जागेवरून उठावं लागतं का? एकदाही नाही. सगळं हाताच्या अंतरावर. गिऱ्हाईक उभं राहून पितं, पैसे देतं, जातं. आत चार बाकडी असतात, ज्यांना बसायचं ते बसतात. शंभर चौरस फुटांत सकाळपासून रात्रीपर्यंत गर्दी वाहती राहते. कुणा डिझायनरने हे आखलेलं नाही, कामातून ते असं घडत गेलं. माझ्या मते पुण्यात एस्प्रेसो बारचा याहून चांगला नमुना नाही.

आता तुमचा आराखडा त्या नजरेने बघा. यंत्र मागच्या भिंतीला म्हणजे तुमची दिवसभर गिऱ्हाइकाकडे पाठ. आत आलेल्या माणसाला दिसणार विटांचा वॉलपेपर आणि तुमचा अंबाडा. दोन वर्षं घालून तुम्ही जे शिकलात, ते दूध फिरवणं, ते पोर्टाफिल्टर (दळलेली कॉफी भरायची दांडीवाली गाळणी) यंत्राला अडकवणं, तेच कुणाला दिसणार नाही. मला वाटतं तुम्हाला जे पटत नव्हतं ते हे.

मग यंत्र उचलून पुढच्या काउंटरवर ठेवू, असं तुमच्या मनात येईल. थांबा. तुम्ही उंची ५ फूट १ इंच लिहिली आहे. दोन ग्रूपचं, म्हणजे एका वेळी दोन ठिकाणी कॉफी उतरणारं यंत्र साधारण १८ ते २० इंच उंच असतं. ३ फुटी ओट्यावर ठेवलं तर त्याचा माथा ४ फूट ७ इंचांवर. तुमचे डोळे असतील ४ फूट ९ इंचांवर. म्हणजे गिऱ्हाइकाला स्टीलचा एक मोठा डबा आणि त्यावर दोन डोळे दिसतील.

म्हणून मी असं सुचवते. काउंटर डाव्या भिंतीला समांतर, दारापासून आत ११ फूट. पण यंत्र त्या लांब बाजूवर ठेवू नका. पुढच्या काचेलगत, काटकोनात वळलेल्या छोट्या भुजेवर ठेवा. तुम्ही रस्त्याकडे तोंड करून उभ्या. ग्राइंडर भिंतीच्या बाजूला, मध्ये यंत्र, आणि तुमच्या डाव्या हाताला लांब काउंटर, जिथे गिऱ्हाईक उभं. कॉफीची बी भिंतीकडून येते, कप गिऱ्हाइकाकडे जातो, मधे कुणी कुणाला ओलांडत नाही. काउंटरशी उभ्या असलेल्या माणसाला तुमचे दोन्ही हात बाजूने दिसतात आणि त्याच्याशी बोलायला तुम्हाला फक्त मान वळवावी लागते. रस्त्यावरच्याला काचेतून तुम्ही दिसता. ही जागा कुणाची होती ते तुम्हाला कळलंच असेल. उत्तरेचा उजेड, डोळ्यांत ऊन नाही, दिवसभर सारखा. बारीक कामाला यापेक्षा चांगला उजेड नाही, मग ते केसाएवढं स्प्रिंग असो नाही तर दुधावरचा फेस.

मापं सांगते. भिंतीवर ९ इंचांच्या फळ्या, मधे तुम्हाला वावरायला ३ फूट, काउंटर सव्वादोन फूट. झाले ६ फूट. गिऱ्हाइकाला ४ फूट उरतात. समोरच्या भिंतीला ४२ इंच उंचीवर ९ इंचांची फळी मारा, कप ठेवायला आणि कोपर टेकायला. तिथे पाच माणसं आरामात उभी राहतात आणि त्यांच्या मागून एक माणूस जाऊ शकतो. ३ फुटांच्या वावरात दुसरा माणूस बसत नाही, हे मात्र आधीच मान्य करा. मदतनीस असेल तर तो काउंटरच्या टोकाला पैसे घेईल आणि मागे भांडी धुईल, तुमच्या पाठीमागून ये-जा करणार नाही.

आता ज्या गोष्टीचा आराखड्यात उल्लेखच नाही तिच्याकडे येऊ. तुमच्या गाळ्यात नळ आहे का? मोरी? घड्याळाच्या दुकानाला या दोन्हींची गरज नसते. एस्प्रेसो यंत्राला पाणी आत लागतं आणि बाहेरही जावं लागतं, तेही उताराने. मोरी मागच्या बाजूलाच निघणार असं मी धरून चालते. सांडपाण्याच्या नळीला दर ४० इंचांना १ इंच उतार धरला तर १९ फुटांवर जवळजवळ पावणेसहा इंच होतात. फरशी फोडून तेवढं खाली जाणं जुन्या इमारतीत करूच नका. त्याऐवजी काउंटरच्या मागचा तुमचा सगळा पट्टा ६ इंचांनी उचला. पुढून मागेपर्यंत एकाच पातळीचा चौथरा, मधे कुठेही पायरी नाही. नळ्या त्याच्या खालून जातील. दोन ठिकाणी उघडता येणारी झाकणं ठेवा, तुंबलं तर हात घालता यायला हवा.

या ६ इंचांनी आणखी दोन गोष्टी सुटतात. टॅम्प करताना, म्हणजे दळलेली कॉफी दाबून बसवताना, ओटा कोपरापेक्षा चारेक इंच खाली असला तर मनगट आणि खांदा दुखत नाही. तुमच्या उंचीला तो ३४ इंचांचा हवा, बाजारात सर्रास मिळणारा ३६ चा नको. चौथऱ्यावरून ३४ म्हणजे गिऱ्हाइकाच्या बाजूने ४० इंच, आणि उभ्या माणसाला कोपर टेकायला तेच माप सुखाचं असतं. आणि तुम्ही स्वतः ६ इंच वर गेल्यामुळे उंच गिऱ्हाइकाशीही जवळजवळ डोळ्याला डोळा देऊन बोलता येईल. अमृततुल्यवाला उगाच ओट्यावर बसत नाही.

पाण्यावरून एक आठवण सांगते, कारण ती चूक माझी होती. फार वर्षांपूर्वी मी १५० चौरस फुटांचं रसाचं दुकान आखलं. दिसायला देखणं झालं. सिंक मी मागे ठेवलं होतं, कारण पुढे ते "दिसायला बरं नाही" असं मलाच वाटलं होतं. उघडल्यावर महिन्याभराने गेले तर संध्याकाळच्या गर्दीत काम करणारा मुलगा ग्लास एका बादलीत बुचकळून तसेच पुढे करत होता. सिंकपर्यंत जाऊन यायला त्याला सोळा पावलं लागत होती आणि समोर वीस माणसं उभी होती. दोष त्याचा नव्हता, माझ्या आराखड्याचा होता. मालकाला मी माझ्या खर्चाने सिंक पुढे आणून दिलं. तेव्हापासून मी आधी पावलं मोजते. तुमच्यासाठी दोन सिंक मांडा: एक छोटं, यंत्रापासून एका वळणावर, दुधाचे जग धुवायला. दुसरं मोठं, मागच्या ४ फुटांच्या खोलीत, भांड्यांसाठी. दुधाचा फ्रिज ओट्याखाली, यंत्राजवळच. प्रत्येक कपाला वाकायचंय, म्हणून दार नको, ड्रॉवर घ्या.

पाणी कुठलं वापरणार तेही आत्ताच ठरवा, कारण फिल्टरला जागा लागते. बोअरचं जड पाणी यंत्राच्या बॉयलरमध्ये क्षार साठवतं आणि ते काढणं खर्चिक असतं. उलट घरगुती आरओचं अगदी निकस पाणी कॉफीची चव पांचट करतं आणि काही यंत्रांचे पाण्याची पातळी ओळखणारे सेन्सर त्यात नीट चालत नाहीत. कॉफीसाठी एकूण कठीणपणा साधारण ५० ते १७५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) दरम्यान असावा. पाणी तपासून घ्या, मग फिल्टर निवडा.

विजेचंही तसंच. दोन ग्रूपचं यंत्र ३ ते साडेचार किलोवॉट घेतं. त्यात ग्राइंडर, फ्रिज, एसी, दिवे मिळवले की ६ किलोवॉटच्या पुढे जाल. घड्याळाच्या दुकानाचा मंजूर भार एखाददुसरा किलोवॉट असेल. महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज सुतार येण्याच्या आधी करा. यंत्राला स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी, आणि अर्थिंग तपासून घेतलेलं. वायरमन "चालेल हो ताई" म्हणाला तर त्याच्याकडून जाड तारेचं माप लिहून घ्या. गाळा पागडीचा असेल तर मोरी आणि व्यवसायबदल या दोन्हींसाठी मालकाची लेखी संमती घ्या, तीही काहीही फोडायच्या आधी.

भाऊसाहेबांचा मुद्दा. ते म्हणतात, दीडशे रुपये देणारा माणूस बसायला जागा मागतो. त्यात तथ्य आहे. वीस रुपयांचा चहा उभ्याने पिणारा माणूस दीडशेच्या कॉफीसोबत थोडा विसावाही विकत घेतो. आणि तुमच्या पेठेत गुडघे दुखणारी माणसं बरीच असणार, बाबांची जुनी गिऱ्हाइकं त्यांत असतील. त्यांना बार स्टूलवर चढवू नका. ११ फुटांचा काउंटर संपल्यावर मागच्या खोलीच्या भिंतीला टेकून ६ फुटांचं पाठवालं बाकडं बसतं. उंची १८ इंच, समोर दोन छोटी टेबलं, तीन माणसं. आणि दाराशेजारी उजव्या कोपऱ्यात एक हातांची खुर्ची, ज्येष्ठांसाठी, कायमची. उभे पाच, बसलेले चार, मिळून नऊ. गिऱ्हाईक सरासरी दहा मिनिटं थांबलं तर तासाला पन्नासेक माणसांना जागा पुरते. दुधाची एक कॉफी दळण्यापासून हातात देईपर्यंत दोन मिनिटं लागत असतील, तर तुमच्या हातांच्या एका जोडीने तासाला तीसच कप निघतात. म्हणजे अडचण खुर्च्यांची नाहीच, हातांची आहे. सोळा जणांना बसवून त्यांना कॉफीसाठी अर्धा तास थांबवण्यात कुणाचं भलं आहे? याशिवाय भावाला एक तडजोड देता येईल: उभ्याने घेतलेली साधी एस्प्रेसो थोडी स्वस्त ठेवा. सहा महिन्यांनी आकडे बघून ठरवा.

बाहेर खुर्च्या टाकू, असं कुणी सुचवेल. फूटपाथ आपला नाही. पालिकेची गाडी येईल तेव्हा येईल, त्याआधी चालणाऱ्यांना रस्त्यावर उतरावं लागेल, आणि त्यात बाबांचीच गिऱ्हाइकं असतील.

आता आईंचा काउंटर. तुम्ही लिहिलंय की तो ५ फूट लांब, ३० इंच उंच, वर काच, खाली खण. आईंना "तो इथे बसत नाही" असं सांगू नका. तो बसतो. १० इंचांचा पाया देऊन उचला, म्हणजे बरोबर ४० इंच होतो, आणि लांब काउंटरचा जवळजवळ अर्धा भाग तोच. यंत्र मात्र त्यावर ठेवू नका. दोन ग्रूपच्या यंत्राचं वजन ५०-६० किलोच्या घरात जातं, शिवाय वाफ आणि सततचं पाणी. सागवान दमदार असलं तरी वाफेखाली पॉलिश जातं आणि सांधे सुटतात. यंत्राच्या भुजेला ग्रॅनाइट टाका, झिलई नसलेलं. संगमरवराचा मोह होईल, इराणी हॉटेलांतली टेबलं आठवून. पण कॉफी आणि लिंबू दोन्ही आम्ल, वर्षभरात पांढऱ्या दगडावर प्रत्येक कपाचं कडं उमटलेलं दिसेल. कडप्प्यालाही लिंबाचे डाग पडतात.

सागवानी काउंटरवर पैसे घ्या आणि कप द्या. काचेखाली बाबांची हत्यारं मांडायचा विचार तुम्ही केला असेल. दोन-तीनच ठेवा: ते डोळ्याला लावायचं भिंग, एखादा चिमटा. बाकी खणांत बिया, चमचे, बिलबुक असू दे. काउंटर चालता राहिला पाहिजे. त्या लाकडाला जिथे बाबांच्या मनगटाने घासून खळगा पडलाय असं तुम्ही लिहिलंत, तिथे रंधा मारायला सुताराला सक्त मनाई करा. सुतार नवं दिसण्यासाठी सगळं तासतो, त्याला आधीच खडूने खूण करून द्या. आणि आईंशी एकदा निवांत बोला. त्यांना काउंटर हवाय की तिथे अधूनमधून येऊन बसायला कारण हवंय, हे मला पत्रातून कळत नाही. तुम्हाला विचारल्यावर कळेल.

दिसण्याबद्दल मी कमी लिहितेय, कारण वरचं सगळं झालं की फार थोडं उरतं. विटांचा वॉलपेपर नको. ती इमारत जुनी आहे, गिलाव्याखाली खऱ्या विटा असू शकतील. जाणत्या गवंड्याला एका कोपऱ्यात फूटभर उघडून बघायला सांगा, सगळी भिंत एकदम सोलू नका. खालची शहाबादी फरशी धडधाकट असेल तर तीच घासून घ्या, तुटलेल्या तेवढ्या बदला. दिवे ३००० केल्विनच्या आसपासचे, उबदार, आणि एक दिवा नेमका जिथे कप गिऱ्हाइकाच्या हातात जातो त्या जागेवर. चेहरे आणि फेस दोन्ही खरे दिसायला हवेत, म्हणून सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचे घ्या. निऑन नको, तुमच्या खिडकीत तुम्ही स्वतः आहात. एक आरसा मात्र लावा, पुढच्या काचेच्या वर, आतल्या बाजूला, थोडा कललेला. इराणी हॉटेलांत आरशांतून गल्ल्यावर बसलेल्या मालकाला कोपऱ्यातलं टेबल दिसायचं. तुम्हाला रस्त्याकडे तोंड करून उभं राहूनही मागे कोण आलं ते नजर वर केली की दिसेल.

आवाजाचा विचार नक्की करा. काच, ग्रॅनाइट, शहाबाद, सगळे आवाज परत फेकतात. त्यात ग्राइंडर सुरू झाला की नऊ माणसं ओरडून बोलू लागतात. छताला लाकडाच्या तंतूंचे बोर्ड लावा, त्यावर रंग देऊ नका, रंगाने भोकं बुजतात. आणि ग्राइंडरखाली जाड रबर.

बाकड्यासमोर पुढे खुर्च्या लागल्याच तर वाकवलेल्या लाकडाच्या घ्या, इराण्याकडे असायच्या तशा. मायकेल थोनेट यांच्या व्हिएन्नातल्या कंपनीने १८५९ मध्ये काढलेली १४ नंबरची खुर्ची या सगळ्यांची आजी. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. हलकी, एका हाताने उचलता येते आणि खालची फरशी झाडता येते. छोट्या दुकानात हे फार महत्त्वाचं.

पैशांचं. १८ पैकी ११ लाख भिंती-खुर्च्यांत गेले तर यंत्र, ग्राइंडर, वीज, पाणी आणि पहिले सहा महिने सगळं ७ लाखांत. मी तुमच्या जागी असते तर सुतारकाम, रंग, दिवे मिळून ५ लाखांवर जाऊ दिलं नसतं. ग्राइंडरवर काटकसर करू नका. सहा महिन्यांचा चालू खर्च वेगळ्या खात्यात ठेवून त्याला हात लावू नका.

डिझायनरवर रागावू नका. तुम्ही तिला काय सांगितलं होतं आठवा: फोटोत छान दिसेल असं, आणि जास्तीत जास्त माणसं बसतील असं. तिने तेच दिलं. आता तिला नवी मागणी द्या, कागदावर: मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहणार, बसणारे चार आणि उभे पाच, चौथऱ्याखालून पाणी, बाबांचा काउंटर वापरात. चांगली असेल तर ती खूश होईल.

तुमच्यासारख्याच जागा घेऊन बसलेल्या इतर वाचकांनी ही मापं जशीच्या तशी उचलू नयेत. दुकान पश्चिमेकडे तोंड करून असेल तर दुपारच्या उन्हात काचेपाशी यंत्राजवळ उभं राहणं अशक्य होईल, तिथे कापडी छत किंवा जागाच बदलावी लागेल. डावखुऱ्या माणसाने सगळं उलटं मांडावं. रुंदी ८ फुटांच्या आत असेल तर गिऱ्हाइकाला आत घेण्याचा आग्रह सोडून खिडकीतूनच कप द्यावा. पण पुढे जे सांगतेय ते सगळ्यांनी करावं, कारण त्याला एक रुपया लागत नाही.

माळ्यावर बाबांच्या भिंतीवरच्या घड्याळांची रिकामी खोकी पडली आहेत, असं तुम्ही लिहिलंय. येत्या रविवारी ती खाली काढा. खडूने फरशीवर काउंटर आखा, खोकी रचून ३४ इंचांचा ओटा करा, यंत्राच्या मापाचं एक खोकं काचेपाशी ठेवा. चौथऱ्याच्या जागी विटांवर फळ्या टाका. मग घरातली, शेजारची आठ-नऊ माणसं बोलवा, थर्मासमधली कॉफी चालेल. तासभर खोटं खोटं दुकान चालवा: दळा, दाबा, अडकवा, दूध फिरवा, द्या, पैसे घ्या, धुवा. भावाला पावलं मोजायला बसवा. कोण कुणाला धडकलं, कप कुठे अडला, तुम्ही किती वेळा वाकलात, ते त्याने लिहून ठेवायचं. आणि आईंना त्या वेळी रस्त्यावर, काचेच्या बाहेर उभं करा आणि आत बघायला सांगा.

त्यांना काय दिसलं ते मला कळवा.